हेलियमची काटकसर

अंगमेहनत करणारा माणूस मिनिटाला साधारण ४० लिटर हवा आत-बाहेर करतो. समुद्रात १८६ मीटर खोल काम करणाऱ्या पाणबुड्याची फुप्फुसं काही मोठी झालेली नसतात, तीही मिनिटाला ४० लिटरच ओढतात. फरक दाबाचा. तिथं जमिनीवरच्या साडेएकोणीस पट दाब असतो, त्यामुळे त्या ४० लिटरांत वरचे जवळजवळ ८०० लिटर कोंबलेले असतात. श्वास सोडला की ते सगळं बुडबुडे होऊन वर जातं. तासाचा हिशेब केला तर ४७ घनमीटर होतात. कारखान्यांतून दिसतात ते पन्नास लिटरचे, दोनशे बार दाबाचे उंच सिलिंडर घेतले, तर जवळजवळ पाच सिलिंडर एका माणसाला एका तासात पुरतात. आणि त्यांत हवा नसते, मुख्यतः हेलियम असतो.

हेलियम कशासाठी, तर हवेतला नायट्रोजन खोलवर नशा आणतो. चाळीस-पन्नास मीटरनंतर माणूस दारू प्यायल्यासारखा वागू लागतो, शंभरीच्या पुढे तो कामाचा राहत नाही. शिवाय इतक्या दाबाखाली हवा दाट होते आणि ती ओढतानाच छाती थकते. हेलियमला हे दोन्ही दोष नाहीत. पण तो महाग, काही मोजक्या नैसर्गिक वायूच्या विहिरींतूनच निघणारा, आणि जहाजावर नेऊन नेऊन किती नेणार?

खरी बोच पुढे आहे. त्या ८०० लिटरांतला शरीर वापरतं किती? मध्यम कष्टाच्या कामाला मिनिटाला एक लिटर ऑक्सिजन, बस्स. खोली कितीही असो, हा आकडा हलत नाही. उरलेले ७९९ लिटर फुप्फुसात जाऊन जसेच्या तसे बाहेर येतात, फक्त सोबत लिटरभर कार्बन डायऑक्साइड घेऊन. तेवढा कार्बन डायऑक्साइड काढून टाकला आणि संपलेला ऑक्सिजन भरून दिला, तर तोच हेलियम पुन्हा पुन्हा वापरता येईल. रीब्रीदर म्हणतात ते यंत्र हेच करतं.

ऑक्सिजन भरून द्यायचा म्हणजे आत्ता किती उरलाय ते कळायला हवं. पूर्ण बंदिस्त रीब्रीदरमध्ये विजेवर चालणारे संवेदक ते मोजतात आणि झडप हवी तेव्हा उघडते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत असे भरवशाचे संवेदक नव्हतेच. १९६८ च्या सुमाराला ‘इलेक्ट्रोलंग’ नावाचं पहिलं व्यापारी यंत्र आलं, पण खारं पाणी, दमटपणा आणि वीज यांचं त्रिकूट नौदलांना लवकर पटलं नाही. त्यांनी मधला रस्ता धरला. मोजायचंच नाही. ऑक्सिजन आणि हेलियमचं तयार मिश्रण एका बारीक छिद्रातून ठरलेल्या वेगानं सतत श्वासपिशवीत सोडत राहायचं, आणि पिशवी गच्च भरली की जादा वायू झडपेतून पाण्यात जाऊ द्यायचा. थोडा वायू जातो, बराचसा वाचतो, म्हणून हे अर्धबंदिस्त.

त्या छिद्रात मला या यंत्राची सगळी हुशारी दिसते. छिद्राच्या मागचा दाब पुढच्या दाबाच्या साधारण दुप्पट ठेवला की वायू छिद्रातून ध्वनीच्या वेगानं जातो, आणि त्यापुढे बाहेरचा दाब थोडाफार कमीजास्त झाला तरी मिनिटाला जाणाऱ्या वायूचं वस्तुमान बदलत नाही. वीज नाही, काटा नाही. मिलिमीटरच्या अंशाएवढं एक भोक, आणि तेच घड्याळासारखं काम करतं. फक्त १८६ मीटरवर ‘दुप्पट’ म्हणजे चाळीस बार लागतात. पाठीवरच्या लहान सिलिंडरांवर हे फार वेळ चालत नाही, म्हणून खोलच्या कामात मुख्य पुरवठा डायव्हिंग बेलमधून नळीनं येतो. केबलवर खाली सोडलेली ती पोलादी कुपी म्हणजे पाणबुड्यांचा खालचा तळ. तिच्या बुडाचं झाकण उघडलं तरी आतल्या वायूचा दाब बाहेरच्या पाण्याइतकाच असल्यानं पाणी आत शिरत नाही. दोघं-तिघं तिच्यातून उतरतात आणि कमरेला बांधलेल्या नाळेच्या टप्प्यात काम करून परत येतात.

आता आकडे मांडून पाहू. हे मी समजावण्यापुरते घेतले आहेत, कुठल्या एका यंत्राचे नाहीत. मिश्रणात ऑक्सिजन १० टक्के आणि प्रवाह मिनिटाला २० लिटर, म्हणजे ऑक्सिजन दोन लिटर. (लिटर सगळे जमिनीवरच्या मापाचे.) पाणबुड्या मध्यम काम करतोय, एक लिटर वापरतोय. उरला एक, तो १९ लिटरांत, म्हणजे सव्वापाच टक्के. साडेएकोणीस पट दाबानं गुणलं की पिशवीतला ऑक्सिजनचा आंशिक दाब एक वातावरण येतो. हे ठीक आहे. तोच नुसता टेकून बसला आणि अर्धा लिटर वापरू लागला तर दाब दीडवर चढतो. तिथं आकडी येण्याची भीती सुरू होते. जड पाना फिरवताना दीड लिटर वापरला, तर अर्ध्यापर्यंत उतरतो. तेही चालेल. पण घाबरून, धडपडत, प्रवाहाविरुद्ध हातपाय मारू लागला आणि दोन लिटरांवर गेला तर? दोन येतात, दोन संपतात. पिशवीत हळूहळू नुसता हेलियम उरतो.

यात कपटी भाग असा, की हे त्याला कळत नाही. जीव घुसमटल्याची जाणीव आपल्याला ऑक्सिजन कमी झाल्यानं फारशी होत नाही, ती कार्बन डायऑक्साइड साचल्यानं होते. यंत्रातला डबा कार्बन डायऑक्साइड इमानानं शोषून घेत असतो. त्यामुळे छिद्रात मिठाचा खडा अडकून प्रवाह बंद पडला तरी पिशवी फुगते-आकसते, श्वास नेहमीसारखा चालतो, छाती शांत असते, आणि माणूस मध्येच बेशुद्ध होतो. साध्या उघड्या साधनात सिलिंडर संपला तर निदान श्वास ओढला जात नाही, माणूस सावध होतो. इथं यंत्र बिघडलं तरी चालू असल्याचं सोंग चोख वठवतं.

कार्बन डायऑक्साइड शोषणारा तो डबा म्हणजे भुरकट-पांढऱ्या खड्यांनी भरलेलं एक पिंप. खड्यांत मुख्यतः कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला विरलेला चुनाच. त्यात थोडा सोडियम हायड्रॉक्साइड असला तर तो सोडालाइम. अमेरिकी नौदलात बेरियम हायड्रॉक्साइड घातलेला ‘बॅरालाइम’ वापरत. उच्छ्वास त्यातून गेला की कार्बन डायऑक्साइड खड्यात अडकतो, खडे तापतात, थोडं पाणी सुटतं. भरताना डबा हलवून, थोपटून गच्च बसवायचा. कडेला पोकळी राहिली तर, शेताच्या बांधाला उंदरानं बीळ पाडलं की सगळं पाणी तिथूनच जावं, तसा उच्छ्वास त्या पोकळीतून न धुताच परत येतो. थंडीतही खड्यांचं काम मंदावतं. समुद्राचं पाणी आत शिरलं तर खड्यांचा दाहक चिखल होतो आणि तो तोंडापर्यंत येऊ शकतो.

हेलियम वाचवायची ही कल्पना साठच्या दशकात उगवली नाही. २३ मे १९३९ रोजी अमेरिकी पाणबुडी ‘स्क्वॉलस’ न्यू हॅम्पशायरच्या किनाऱ्याजवळ ७४ मीटरवर बुडाली. बचावघंटेतून ३३ जणांना जिवंत काढलं गेलं ही गोष्ट बऱ्याच जणांनी वाचलेली असते. पुढे महिनोन्‌महिने ती पाणबुडी वर काढण्याचं काम चाललं आणि त्यात पाणबुड्यांनी हेलियम-ऑक्सिजन वापरला, याकडे लक्ष कमी जातं. त्यांच्या तांब्याच्या जड शिरस्त्राणाला मागं शोषकाचा डबा होता, आणि आत येणाऱ्या वायूच्या झोतानंच शिरस्त्राणातला वायू त्या डब्यातून फिरवला जाई. पाठीवरच्या सुटसुटीत यंत्राचं हे धिप्पाड पूर्वरूप.

नौदलांना मात्र काटकसरीपलीकडचीही कारणं होती. कमी बुडबुडे म्हणजे कमी आवाज, आणि आवाजाला चेतणाऱ्या सुरुंगाजवळ काम करणाऱ्याला हे पुरतं. खोल समुद्राचं कारण वेगळं. १० एप्रिल १९६३ रोजी ‘थ्रेशर’ ही अणुपाणबुडी १२९ जणांसह बुडाली. ती जिथं गेली तिथं कुठलाच पाणबुड्या पोचणार नव्हता, पण त्या धक्क्यातून अमेरिकेनं खोल समुद्रातल्या बचावाचा, शोधाचा आणि वस्तू उचलून आणण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. समुद्रतळावर माणसं राहू शकतील का, हे पाहणारा सीलॅब प्रकल्प त्याच छत्राखाली आला.

सीलॅबमागं नौदलातले डॉक्टर जॉर्ज बाँड यांचं एक निरीक्षण होतं. दाबाखाली काही काळानंतर शरीरात विरघळणारा वायू विरघळायचा थांबतो, तो संपृक्त होतो. मग माणूस खाली एक दिवस राहो की महिना, वर येताना दाब उतरवायला लागणारा वेळ तेवढाच, साधारण ३० मीटरला एक दिवस. सीलॅब-१ मध्ये १९६४ साली चौघं जण बर्म्युडाजवळ सुमारे ५९ मीटरवर ११ दिवस राहिले. सीलॅब-२ मध्ये १९६५ साली कॅलिफोर्नियात ६२ मीटरवर आळीपाळीनं तीन तुकड्या राहिल्या, आणि अंतराळवीर स्कॉट कार्पेंटर सलग ३० दिवस. समुद्रतळावरच्या त्या घराबाहेर पडताना ‘मार्क-६’ हे अर्धबंदिस्त यंत्र छातीवर पिशव्या आणि पाठीवर डबा अशा थाटात वापरलं गेलं.

सीलॅब-३ ची खोली एकदम तिप्पट होती, ६१० फूट, म्हणजे आपले सुरुवातीचे १८६ मीटर. घरातल्या वायूत ९२ टक्के हेलियम, ६ टक्के नायट्रोजन आणि अवघा २ टक्के ऑक्सिजन ठरला होता. तिथं तो पुरेसा, पण जमिनीवर कुणी ते मिश्रण ओढलं तर काही श्वासांत कोसळेल. फेब्रुवारी १९६९ मध्ये सान क्लेमेंटे बेटाजवळ घर तळावर सोडलं गेलं आणि लगेच गळू लागलं. हेलियमचे अणू इतके बारीक की जिथून पाणी शिरत नाही तिथूनही ते निसटतात. (पाणबुड्यांच्या मनगटी घड्याळांत तो शिरून बसे आणि वर येताना काच उडवे, म्हणून काही घड्याळांना हेलियमची झडप असते. दुकानात दाखवून मिरवायची ती झडप खरी कामाची आहे ती एवढ्याच लोकांना.) वरून वायू पंप करत राहणं परवडणारं नव्हतं. चौघांना बेलमधून खाली जाऊन घर उघडायला आणि गळती थांबवायला सांगण्यात आलं. बॉब बार्थ, बेरी कॅनन, रिचर्ड ब्लॅकबर्न आणि जॉन रीव्ह्ज. यंत्र ‘मार्क-९’, अर्धबंदिस्त.

पहिल्या खेपेत झाकण उघडलंच नाही. चौघं वर आले, पण दाबाखालीच. काही तासांनी, १७ फेब्रुवारीच्या पहाटे, पुन्हा खाली. बेलमध्ये ऊब नव्हती, आणि हेलियम हवेच्या सहापट वेगानं अंगातली उष्णता पळवतो. थंडीनं कुडकुडलेली, झोप नसलेली माणसं. बार्थ आणि कॅनन घरापाशी गेले. थोड्या वेळानं बार्थनं वळून पाहिलं तर कॅनन झटके देत होता. बार्थनं राखीव पुरवठ्याचा मुखतुकडा त्याच्या तोंडात घालायचा प्रयत्न केला, पण दातखीळ बसलेली. त्याला ओढत बेलपर्यंत आणलं, आतल्या दोघांनी वर घेतलं, श्वास देण्याची शिकस्त केली. ३३ वर्षांचा कॅनन गेला. बाकीच्या तिघांना लगेच मोकळ्या हवेत येताही येईना. १८६ मीटरचा दाब उतरवत त्यांना जहाजावरच्या कोठीत जवळजवळ आठवडा काढावा लागला.

चौकशीत असं पुढे आलं की चार यंत्रांपैकी एकाच्या डब्यात बॅरालाइम नव्हता. डबा रिकामा. मृत्यूचं कारण कार्बन डायऑक्साइडची विषबाधा असं ठरलं. त्या निष्कर्षावर पुढे वेगळे तर्कही लढवले गेले, पण रिकाम्या डब्याचा परिणाम काय होतो हे मघाच्या आकड्यांवरून कुणालाही काढता येईल. माणूस मिनिटाला लिटरभर कार्बन डायऑक्साइड सोडतो. पिशवी आणि फुप्फुसं मिळून दहा लिटर धरा. डबा काही शोषत नसेल तर आंशिक दाब दर मिनिटाला एक दशांश वातावरणानं चढेल, आणि भान हरपायला साधारण तेवढाच दाब पुरतो. शरीर स्वतःत काही साठवून घेतं, त्यामुळे प्रत्यक्षात जरा उशीर होतो. आणि छिद्रातून येणारा ताजा वायू? मिनिटाला वीस लिटर म्हणताना भरपूर वाटतो. १८६ मीटरवर तो दाबून एका लिटरचा होतो. दहा लिटरच्या पिशवीत एक लिटर म्हणजे काहीच नाही. ज्या प्रवाहानं उथळ पाण्यात चूक थोडी पोटात घातली असती, तो इथं निरुपयोगी. हेलियम वाचवणारी काटकसर आणि चुकीला न मिळणारी क्षमा, दोन्ही एकाच गणितातून निघतात.

या यंत्राविषयी माझं मत इथंच पक्कं होतं. अर्धबंदिस्त यंत्राला ‘साधं आणि म्हणून सुरक्षित’ म्हणण्याची पद्धत आहे, कारण त्यात वीज नाही. वीज नाही हे खरं, पण त्यामुळे यंत्राची अक्कल पाण्यातून उचलून डेकवर ठेवली गेली. कुठलं मिश्रण, किती प्रवाह, कुठलं छिद्र, डबा भरला का, कसा भरला, हे सगळं डायव्हच्या आधी कुणीतरी माणूस ठरवतो आणि करतो. खाली गेल्यावर यंत्र त्याला काही विचारत नाही आणि पाणबुड्याला काही सांगत नाही. रिकामा डबा लावलेलं यंत्र बाहेरून भरलेल्या यंत्रासारखंच दिसतं, वजनातला फरक सोडला तर. चौथं यंत्र रात्री जागून तयार करणारा माणूस या साखळीतला सर्वांत दमलेला भाग असतो, आणि त्याच्यावर कुठलाच काटा लावलेला नसतो.

सीलॅब बंद पडला. बेलमधून काम करण्याची गरज बंद पडली नाही. सत्तरच्या दशकात ‘हॅलिबट’ या पाणबुडीला जोडलेल्या दाबकोठीतून बाहेर पडून अमेरिकी पाणबुड्यांनी ओखोत्स्कच्या समुद्रात, सुमारे १२० मीटरवर, सोव्हिएत संदेशवाहिनीला कान लावले. ही गोष्ट पुढे फितुरीनं फुटली. नौदलाच्या यंत्रांतही बदल होत गेले. ‘मार्क-११’ हे अजून अर्धबंदिस्तच, बेलच्या नाळेवर चालणारं होतं. त्यानंतरच्या ‘मार्क-१४’ मध्ये वायू एका नळीनं शिरस्त्राणात ढकलायचा आणि दुसरीनं परत ओढून घ्यायचा, अशी रचना आली. वायू धुणं आणि मोजणं पाठीवरून निघून बेलकडे गेलं, जिथं ऊब असते, उजेड असतो आणि काट्यावर नजर ठेवणारा दुसरा माणूस असतो. तेल उद्योगानंही हाच मार्ग धरला. उच्छ्वास नाळेतून जहाजापर्यंत परत नेऊन हेलियम धुऊन वापरणारी संयंत्रं खोल पाण्यातल्या कामांवर रुळली.

तेव्हा पाठीवरचं अर्धबंदिस्त यंत्र अडगळीत गेलं का? नाही. त्याला दुसरं काम मिळालं, आणि तेच त्याला शोभतं. नाळ तुटली किंवा पुरवठा थांबला तर बेलपर्यंत परतायला पाणबुड्याच्या पाठीवर राखीव वायू लागतो. बारा लिटरचे दोन सिलिंडर तीनशे बारनं भरले तरी खोल पाण्यात ते किती टिकतात पाहा. आपल्याकडचीच खोली घेऊ. भारतीय नौदलाच्या, माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या ‘निरीक्षक’ या जहाजावरचे पाणबुडे २०११ मध्ये २५७ मीटरपर्यंत उतरले होते. जुलै २०२५ मध्ये विशाखापट्टणमला दाखल झालेलं ‘निस्तार’ ३०० मीटरपर्यंतच्या संपृक्त डायव्हिंगसाठी आहे. ३०० मीटरवर दाब ३१ पट. मिनिटाला ४० लिटरच्या श्वासाला १,२४० लिटर जातात. सिलिंडरांत ७,२०० लिटर, पण बाहेरचाच दाब एवढा की शेवटचे हजारेक लिटर बाहेर येत नाहीत. उरतात पाच मिनिटं. लहान अर्धबंदिस्त संच त्याहून कितीतरी कमी वायूत साधारण दहा मिनिटं देतो, म्हणून खोलच्या कामात पाणबुडे तो राखीव म्हणून बाळगतात. वापरायचा एकदाच, थोडा वेळ, तेही परतीच्या वाटेवर. त्यामुळे डबा थंडावण्याआधी आणि ऑक्सिजनचं गणित बिघडण्याआधी त्याचं काम संपलेलं असतं.

समुद्री उद्योगात यासाठीचा हिशेब ठरलेला आहे. बेलबाहेरच्या दर दहा मीटर नाळेमागं एक मिनिटाचा राखीव वायू. पाच मिनिटं असतील तर पन्नास मीटर, दहा असतील तर शंभर. त्याहून लांबची झडप फिरवायची असेल तर आधी बेल हलवायची.